पळस, पांगारा, सावर: तेच तेच फोटो टाळायचे कसे?

भटकी_लेन्स

फेब्रुवारी लागला. आता महिना-दीड महिना सगळ्यांच्या व्हॉट्सॅपवर एकच फोटो येणार: निळंभोर आभाळ, खाली केशरी पळस, आणि वर "वसंताची चाहूल". माझ्याकडेही असे ढीगभर आहेत, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. पण झाड कळतं, रंग दिसतो आणि बघणारा अंगठ्याने पुढे सरकतो. दुसऱ्यांदा बघावा असं त्यात काही उरत नाही.

दुसऱ्या टोकाला माझे फुलवेडे मित्र आहेत. त्यांच्या फोटोत पान, देठ, फूल, साल सगळं स्वच्छ दिसतं, ओळख पटवायला उत्तम, पण भिंतीवर लावावंसं वाटत नाही.

मला मधलं काहीतरी हवंय. झाडाचा स्वभाव पकडणारा, तरी पासपोर्ट साइझ नसलेला फोटो. तुम्ही कसे काढता? कॅमेरा, फोन, काहीही चालेल. फक्त "महागडी लेन्स घ्या" हा सल्ला नको. 🙂

तिफण

चांगला धागा. आमच्या इकडे भंडारा-गोंदियाकडे बांधाबांधावर पळस, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिली गोष्ट, लोक पळस फुलल्यावर जातात. त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी जा. निष्पर्ण फांदीवर कळ्यांची रांग लागलेली असते. कळीचा बाहेरचा पेला काळपट शेवाळी, अगदी मखमली. त्यातून केशरी टोक जेमतेम डोकावत असतं. काळ्यावर केशरीचा हा ठिपका पूर्ण फुललेल्या झाडापेक्षा मला कितीतरी सुंदर वाटतो.

दुसरी गोष्ट, उजेड बाजूने घ्या. पळसाच्या पाकळीवर बारीक लव असते. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढला तर ती दिसतच नाही, पाकळी प्लास्टिकची वाटते. सकाळचं ऊन आडवं आलं की तीच लव चंदेरी चमकते. दुपारी बाराला पळस काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

वाचनमात्र_नाही

वाचतोय. फोटो पण टाका की लोकहो, नुसत्या गप्पा नको.

पिक्सेलपंत

पळस-पांगाऱ्याचे फोटो बिघडतात याचं मोठं कारण तांत्रिक आहे, ते आधी सांगून टाकतो.

कॅमेरा उजेड मोजताना सगळ्या रंगांना सारखा भाव देत नाही. हिरव्याला सगळ्यात जास्त, लालला त्याहून बराच कमी. त्यामुळे पळसावर ऊन पडलेलं असताना एकूण हिस्टोग्राम (फोटोत किती अंधार, किती उजेड ते दाखवणारा आलेख) छान मधोमध दिसतो, पण आतला लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, केव्हाच उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. एकदा तो भरला की पाकळीच्या शिरा, घड्या, लव सगळं गायब, उरतो नुसता केशरी डाग. संगणकावर उजेड कमी केलात तरी डाग गडद होतो, शिरा परत येत नाहीत.

म्हणून कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल भिंतीला टेकतोय असं दिसलं की एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांची उष्ण-थंड छटा ठरवणारी सेटिंग) "ढगाळ"वर ठेवू नका, तो रंग आणखी तापवतो, "सूर्यप्रकाश" पुरे. आणि प्रोसेसिंग करताना सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा मोह झाला तर हात मांडीखाली ठेवा. पळसाचा अस्सल रंग बहुतेक स्क्रीनच्या आणि छपाईच्या आवाक्याबाहेरचा असतो. लाल-केशरी थोडे उतरवलेत तर उलट पाकळीचा पोत वर येतो आणि रंग जास्त खरा वाटतो.

जाईजुई

पंत, छान समजावलंत. पण आम्ही फोनवाल्या बायांनी काय करायचं? माझ्या फोनमध्ये पांगारा काढला की टोमॅटो सॉस सांडल्यासारखा दिसतो.

टेकडीवर_रोज

जाईजुई, फोनमध्ये फुलावर बोट दाबून धरा, फोकस तिथे लॉक होतो. मग बोट खाली ओढा म्हणजे उजेड कमी होतो. फोटो जरा काळपट वाटला तरी वाटू दे. हा एकच बदल केलात तरी सॉस जाईल.

आणखी दोन. फोनची रुंद लेन्स फुलाच्या नाकाशी नेऊ नका, तुमचीच सावली पडते. दोन पावलं मागे या आणि दोन-तीन पटीची टेलिफोटो असेल तर ती वापरा, मागची गर्दीही कमी येते. आणि पोर्ट्रेट मोड फुलांना वापरूच नका. तो पुंकेसर खातो! सावरीच्या फुलात पुंकेसरांच्या जुड्या असतात, टोकाला गडद परागकोश. फोनला कळत नाही की फूल कुठे संपलं, मग निम्मे पुंकेसर धूसर आणि निम्मे कात्रीने कापल्यासारखे.

सावरीचं म्हणाल तर झाडावर बघूच नका. फुलं उंचावर असतात, खालून त्यांचा फक्त बुडखा दिसतो. सकाळी झाडाखाली जा. टपकन आवाज करत अख्खी फुलं पडतात, पाकळ्या सुट्या होत नाहीत. जमिनीला कॅमेरा टेकवून, पडलेलं फूल पुढे आणि काट्यांनी भरलेलं खोड मागे धूसर, असा फोटो करून बघा. ते शंकूसारखे काटे धूसर झाले तरी ओळखू येतात.

पानगळ

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावते.

"क्रिएटिव्ह"च्या नावाखाली हल्ली जे चालतं त्यात झाड हरवतं. मागे गोल गोल दिव्यांचे बुडबुडे, पुढे रंगाचा फराटा. फूल पळसाचं की पांगाऱ्याचं, कळायला मार्ग नाही. मग ते झाडाचं छायाचित्र कसलं? गालिच्याचाही तसाच फोटो निघेल की. माझी अपेक्षा एवढीच, की फोटो कितीही कलात्मक असो, जाणकाराला प्रजाती ओळखू यावी असा एक तरी धागा त्यात राहावा. पळसाचा काळा पेला, पांगाऱ्याची लांबट उभी पाकळी, सावरीची जाड मांसल पाकळी. एक खूण पुरे.

हे जमतं याचा पुरावा म्हणजे कार्ल ब्लॉसफेल्ट. जर्मन माणूस, बर्लिनमध्ये कलाशाळेत शिकवायचा, छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण नाही, कॅमेराही घरी बनवलेला. कोंब, कळ्या, नेच्याची गुंडाळी असं काहीबाही साध्या पार्श्वभूमीवर कित्येक पट मोठं करून काढायचा. विद्यार्थ्यांना आकार दाखवायला. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं तेव्हा तो साठी ओलांडलेला होता आणि एकाएकी प्रसिद्ध झाला. त्याच्या फोटोत शास्त्रही आहे आणि बघत राहावं असंही आहे.

भटकी_लेन्स

पानगळताई, ब्लॉसफेल्ट मलाही आवडतो, पण तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे का याची शंका आहे. तो डहाळ्या कापून आणायचा, नको ती पानं खुडायचा, हवा तसा आकार मिळेपर्यंत मांडणी करायचा. म्हणजे त्याने झाड जसं आहे तसं दाखवलंच नाही, त्यातला आकार वेगळा काढून दाखवला. मग मी रंग वेगळा काढला तर गालिचा कसा?

पानगळ

त्याने कापलं, खुडलं, मान्य. पण जे ठेवलं ते खोटं नव्हतं. तुमचा फराटा कुठल्याही केशरी वस्तूचा होऊ शकतो, त्याचा कोंब त्याच झाडाचा. माझा मुद्दा कायम आहे. 🙂

तिफण

दोघींचं पटतं. पुढे चला.

धुकंधुकं

या वादात फराटेवाल्यांची बाजू कोणी तरी घ्यायला हवी. मी घेतो.

कॅमेरा मुद्दाम हलवून काढायचे फोटो सोपे वाटतात, नसतात. शटर पाव ते एक सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, अ‍ॅपर्चर एफ १६च्या आसपास, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक. दिवसा तरीही उजेड जास्त होतो, म्हणून एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच) किंवा सूर्य उगवण्याआधीची वेळ. शिरीष, साग, सावर अशी उभी खोडं असतील तर कॅमेरा वरून खाली सरळ ओढायचा. पळस वाकडातिकडा, तिथे उभा फराटा शोभत नाही, मनगट किंचित फिरवावं लागतं. म्हणजे पानगळताई, फराट्यातसुद्धा झाडाची ठेवण येते, बघणाऱ्याने फक्त पाकळ्या मोजायला जाऊ नये. दहातले नऊ कचऱ्यात जातात हे मात्र खरं.

दुसरा प्रकार, दुहेरी एक्स्पोजर. एक फोटो स्पष्ट, दुसरा त्याच चौकटीत पूर्ण आउट ऑफ फोकस, दोन्ही एकावर एक. फुलाभोवती त्याच्याच रंगाचं धुकं येतं आणि खूणही शाबूत राहते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय असते.

लेन्सचं विचाराल तर जुनी सोव्हिएत हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ २. अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर बसते, फोकस हाताने. मागे पानोळ्यातून झिरपणारा उजेड असेल तर पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते. हे सोसायला हवं पण, प्रत्येक फोटोत भोवरा असेल तर गरगरतं.

रानपाखरू

सगळे फुलांवरच तुटून पडलेत. पालवीचं कोणीच बोलत नाहीये!

माझ्या मते आपल्याकडचा वसंत फुलांइतकाच पालवीत असतो. मार्चमध्ये कुसुंब बघा. मेळघाटात किंवा घाटातल्या जंगलात लांबून वाटतं झाड लाल फुलांनी बहरलंय, जवळ गेल्यावर कळतं की ती कोवळी पानं आहेत. काही दिवसांत रंग उतरून हिरवी होतात, त्यामुळे वेळ साधावी लागते. आंब्याची पालवी तांबूस-जांभळट, पिंपळाची तांबूस-गुलाबी आणि इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. कोवळ्या पानात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असतं आणि हरितद्रव्य अजून भरायचं असतं, म्हणून हा रंग.

पिंपळाचं कोवळं पान पाठीमागून ऊन घेऊन काढा. सूर्य थेट चौकटीत नको, पानाच्या आड ठेवा. मग शिरांचं जाळं उजळतं आणि ती लांब शेपटी काळी रेघ होऊन उतरते. मागे दाट सावली मिळाली, एखादी भिंत, विहिरीची कड, मोठ्या झाडाचा बुंधा, तर काळा पडदा लागतच नाही. उजेड पानावर मोजायचा, सावली आपोआप काळीभोर होते.

वाऱ्याचं मात्र बघा. पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं. सूर्योदयानंतरचा पहिला तासच खरा. किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटला की मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंचा, नाद सोडून द्यावा. मी एका हाताने पांढरी छत्री धरते, वाराही अडतो आणि ऊनही मऊ होतं.

टेकडीवर_रोज

पुण्यातल्या टेकड्यांवर सध्या गिरिपुष्प फुललंय. फिकट गुलाबी फुलं, पान एकही नाही. लोक "आपला चेरी ब्लॉसम" म्हणून फोटो टाकताहेत. दिसतं सुंदर, खोटं कशाला बोलू.

पानगळ

दिसतं सुंदर, पण ते मेक्सिको-मध्य अमेरिकेचं झाड, वनीकरणात भराभर लावलेलं. त्याच टेकडीवर गणेर फुललेला असतो, पिवळाधमक, तोही निष्पर्ण, तो आपला. त्याच्याकडे कॅमेरे वळत नाहीत याचं वाईट वाटतं.

मुंबईकर_माळी

मग आमच्या विक्रोळीच्या हायवेवरच्या गुलाबी टॅबेबुयाचं काय करायचं? तेही अमेरिकेतलंच. पण घामाघूम होऊन ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला ते दिसलं की जीव थंड होतो. फोटो काढताना झाडाचा दाखला मागायचा का?

भटकी_लेन्स

दाखला नको, पण कॅप्शनमध्ये नाव लिहायला काय हरकत आहे? "आपला चेरी ब्लॉसम" लिहिण्याऐवजी "गिरिपुष्प" लिहा, एवढं पुरे. आणि गणेरची शिफारस नोंदवून ठेवली, तो पिवळा रंग तांबड्यापेक्षा सोपा असेल असं वाटतंय. पंत?

पिक्सेलपंत

नाही! पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही एकदम भरतात. पण पाकळी पातळ असते, म्हणून मागून ऊन घेतलंत तर फार सुरेख दिसते. उजेड त्या उजळ पाकळीवरच मोजा. नियम तोच.

साता_समुद्रापार

इंग्लंडातून डोकावतेय. तुमच्याकडे चाळीस अंश व्हायच्या तयारीत, इथे फेब्रुवारीत पहाटे गवतावर दंव गोठलेलं. इथली पहिली वर्दी स्नोड्रॉपची. फूल वीतभरही नसतं आणि मान खाली घातलेली. उभ्याने काढलं तर पांढरा ठिपका. आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण असते, ती बघायची तर ओल्या जमिनीवर पोटावर झोपण्याला पर्याय नाही. कचऱ्याची मोठी पिशवी अंथरते आणि झोपते, कुत्रा फिरवायला आलेले लोक विचारतात बरी आहेस ना.

तुमच्या लालचं दुखणं तसं इथे पांढऱ्याचं. पाकळी जळू नये म्हणून उजेड कमी करावा तर बर्फ राखाडी, वाढवावा तर पाकळीच्या कडा गायब. ढगाळ दिवस असला की प्रश्न मिटतो, आणि ढगांची इथे कमतरता नाही.

पांगारा बघून वर्षं झाली. कोणीतरी टाका.

डॉक्टर_निवृत्त

कोणाला घरबसल्या प्रयोग करायचा असेल तर माझा उद्योग सांगतो. दवाखाना बंद केला तेव्हा एक्स-रे बघायची जुनी पेटी घरी आणली. तिच्या पांढऱ्या उजेडावर फुलं-पानं मांडतो आणि बरोबर वरून, कॅमेरा अगदी समांतर ठेवून फोटो काढतो. उजेड पानातून आरपार येतो, पार्श्वभूमी कागदासारखी पांढरी. जुन्या वनस्पतिचित्रांसारखं दिसतं.

काय ठेवायचं यावर सगळं आहे. पळस, सावर नको, पाकळ्या जाड, उजेड जात नाही. सगळ्यात भारी वावळाची फळं. मार्चमध्ये झाडाखाली ढीग पडतो, गोल पापुद्र्याचे पंख, मधे एकच बी. पेटीवर ठेवलं की पंखातली प्रत्येक शीर दिसते. पिंपळाची पालवी, गणेराची पाकळी, बोगनवेलही छान. खाली पडलेलंच घेतो, तोडत नाही. फुलं लवकर मलूल होतात, म्हणून आधी मांडणी ठरवून ठेवावी.

उजेड कॅमेरा सांगेल त्याहून दीड-दोन स्टॉप जास्त द्या, नाहीतर पांढरं राखाडी येतं. एकाच मांडणीचे कमी-जास्त उजेडाचे चार-पाच फोटो काढून जोडले की पाकळीही राहते आणि पांढरंही. जुन्या पेटीत ट्यूबलाइट असते, ती लुकलुकते, फोटोत पट्टे येतात. शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवा. पेटी नसेल तर चित्रकलेचा एलईडी ट्रेसिंग पॅड घ्या, तोही नसेल तर टॅबलेटचा पांढरा पडदा. मात्र त्यावर वस्तू थेट ठेवू नका, पडद्याचे ठिपके फोटोत येतात. मधे काच आणि बटर पेपर घाला.

जाईजुई

डॉक्टरकाका, ही आयडिया भन्नाट! वावळ आमच्या सोसायटीच्या गेटशीच आहे, रोज त्या पापुद्र्यांवरून चालते आणि झाडूवाल्या मावशी वैतागतात. आज गोळा केले. टॅबलेटवर काच म्हणून फोटोफ्रेमची काच लावली. सासूबाई म्हणाल्या, "आता हा काय नवीन उद्योग?" फोटो बघितल्यावर स्वतःच बोगनवेलीची फुलं घेऊन आल्या.

तिफण

एक विनंती सगळ्यांना. पिवळा किंवा पांढरा पळस सापडला तर फोटो टाका, जागा टाकू नका. फोनचं लोकेशन बंद करून काढा. जागा फुटली की आधी गाड्या येतात, मग फांद्या ओढून सेल्फी. पांढऱ्या पळसाच्या तर साली-मुळ्या ओरबाडणारे लोक आहेत, गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी. गावच्या लोकांना ते झाड सांभाळायला किती त्रास होतो ते आम्ही बघतो.

आणि दवबिंदू म्हणून स्प्रेने पाणी मारणं, भुंगा बसावा म्हणून साखरपाणी लावणं, हेही बंद करा. पळसावर कोतवाल, मैना, शिंजिर, भोरड्या, खारी सगळे हजेरी लावतात. अर्धा तास गप्प बसलात तर कोणीतरी येतंच.

वाचनमात्र_नाही

+१. लोकेशन मागणाऱ्यांना "जंगलात" एवढंच उत्तर द्यावं.

धुकंधुकं

कॅमेराच नको असणाऱ्यांसाठी सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारा निळा ठसा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईने समुद्रातल्या शेवाळांचे निळे ठसे काढून पुस्तकच करायला घेतलं. पानगळताई, तिला प्रजातींची नोंद हवी होती, आणि आज लोक ते कलादालनात लावतात! हा साक्षीदार तुमचा.

कृती: फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड १०० मिलीत १० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत. लागेल तेव्हा सम प्रमाणात मिसळा, जाड जलरंगाच्या कागदावर मंद पिवळ्या उजेडात ब्रशने लावा, अंधारात वाळवा. त्यावर पान, वर काच, आणि उन्हात. आपल्या मार्चच्या दुपारी पाच-दहा मिनिटं पुरतात, कागद राखाडी-तपकिरी झाला की उचला. साध्या पाण्यात पिवळं जाईपर्यंत धुवा. निळा रंग वाळताना गडद होत जातो. हातमोजे घाला आणि फेरिसायनाइडजवळ कुठलंही अ‍ॅसिड आणू नका, विषारी वायू निघू शकतो.

पिंपळाच्या कोवळ्या पानाची कड गडद निळ्यावर पांढरी येते आणि मधे शिरांची फिकट छाया. जून पान ठेवलं तर नुसता पांढरा आकार, कारण उजेड आरपार जात नाही. यासाठी पालवीच हवी, म्हणजे हेच दिवस.

पानगळ

साक्षीदार स्वीकारला. अकरावीच्या मुलांकडून करून घेते, रसायनं मी स्वतः हाताळीन. कापडावर होतं का? रुमाल केले तर मुलं घरी नेतील.

धुकंधुकं

होतं, पण शंभर टक्के सुती घ्या आणि आधी धुऊन खळ काढून टाका. नंतर धुताना कपड्यांचा साबण किंवा सोडा नको, निळं उडून पिवळट होतं. नुसतं पाणी, आणि वाळवायचं सावलीत. पहिला ठसा वावळाचा घ्या, पापुद्रे पातळ आहेत, चुकायला फारसा वाव नाही.

भटकी_लेन्स

ताई, मुलांचे ठसे इथे टाकाच. साता_समुद्रापार, पांगारा रविवारी काढते, लाल चॅनेल सांभाळून.